घर टप्प्याटप्प्याने वाढवा, पाया मात्र एकदाच घाला

पिंपरी-चिंचवड ते चाकण या कारखानदारी पट्ट्यात नोकरीधंद्यासाठी आलेल्या अनेक कुटुंबांनी पै-पै साठवून गुंठा-अर्धा गुंठा जागा घेतली व दोन खोल्या बांधल्या. मुलांची लग्ने ठरू लागली की जागा अपुरी पडते. मिस्त्री म्हणतो, "वर एक मजला चढवू." खालचा पाया तो पेलेल काय, हा प्रश्न मात्र राहून जातो.

वाढत्या घराचा विचार नवा नाही. चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात नवी मुंबईत बेलापूर येथे अशी वसाहत उभारली. प्रत्येक घर स्वतंत्र भूखंडावर. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, त्यामुळे त्याला त्रास न देता घर वाढवता येते. बाळकृष्ण दोशी यांच्या इंदूरच्या अरण्य वसाहतीत गरीब कुटुंबांना जोते व पाणी-सांडपाण्याची सोय मिळे; खोल्या ऐपतीप्रमाणे उभ्या राहत. तिला 1995 साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

यातून आम्ही वाचकांना इतकेच सुचवू की, आज दोनच खोल्या बांधायच्या असल्या तरी नकाशा शेवटच्या मजल्यापर्यंतचा करून घ्यावा. पाया व कॉलम त्याच हिशेबाने घालावेत. जिना सुरुवातीलाच अशा जागी ठेवावा की पुढे वरचे बिऱ्हाड स्वतंत्र करता येईल, भाड्यानेही देता येईल. संडास-मोरी एकावर एक ठेवावी. कॉलमचे गज स्लॅबच्या वर सोडावेत. 12 मिलिमीटरच्या गजाला दोन फूट तरी जोड लागतो. उघड्या गजांना गंज चढतो, म्हणून त्यांवर कच्चे काँक्रीट घालून ठेवावे.

परवानगीकडे दुर्लक्ष नको. पिंपरी-चिंचवडमध्ये 2008 नंतरच्या अनधिकृत बांधकामांवर शास्तीकर बसला होता. शासनाने 2023 साली तो माफ केला. पण कर माफ झाल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. देहूरोडच्या लष्करी कोठारामुळे तळवडे, रुपीनगर भागात रेड झोनचे निर्बंध आहेत, तेही आधी तपासावेत.

इंजिनिअरची फी अनेकांना जड वाटते. पण कमकुवत पायावर मजला चढवून भिंतींना तडे गेले, तर दुरुस्तीचा खर्च त्या फीच्या कितीतरी पट होतो, आणि घरातील माणसांचा जीव धोक्यात येतो तो वेगळाच. बचतीतून एकेक खोली वाढवणाऱ्याने पहिला पैसा पायात व नकाशात घालावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.