उसने पुस्तक आणि चोरटी प्रत

साताऱ्यास काय किंवा सांगलीस काय, वाचनाची हौस आहे पण उसन्या पुस्तकांची देवघेव नाही, असे घर सापडणे कठीण. वाचनालयातून आणलेली कादंबरी आधी घरात फिरते, मग शेजारी जाते आणि तारीख उलटून गेल्यावर दंडासह वाचनालयात परत पोचते. या देवघेवीस आपण कधी चोरी म्हटले नाही; उलट पुस्तक दडवून ठेवणारालाच आपण कद्रू म्हणतो. असे असता त्याच कादंबरीची पाने एखाद्या हौशी तरुणाने मोबाइलवर टिपली, त्यांची फाइल केली आणि ती संकेतस्थळावर ठेवून सर्वांना मोकळी केली, तर कायदा त्याला तुरुंग दाखवितो. वाचनालय चालविणे हे पुण्य आणि फाइलींचे संकेतस्थळ चालविणे हा गुन्हा, हा कोणता न्याय? प्रश्न भाबडा नाही. त्याचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे एखादा गुणी मुलगा कोर्टाच्या पायरीवर जाऊन उभा राहू शकतो. म्हणून तो जरा सविस्तर उलगडावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम दोहोंतील भेद पाहू. आपण पुस्तक उसने देतो तेव्हा ते आपल्या कपाटातून जाते. तेथे रिकामी जागा राहते. एका वेळी एक प्रत एकाच्याच हाती असते. विकत घेतलेली प्रत कोणाला वाचावयास द्यावी, भेट द्यावी किंवा रद्दीच्या दुकानात विकावी, ही मोकळीक कायद्याने आपल्याला दिलेलीच आहे. फाइलीचे तसे नाही. ती देणाऱ्याजवळही राहते आणि घेणाऱ्याजवळही जाते. हजार जणांनी ती उतरवून घेतली की हजार नव्या प्रती जन्मास येतात. प्रत काढणे आणि कृती लोकांपर्यंत पोचविणे, हे दोन्ही हक्क लेखकाचे किंवा त्याने ज्याला दिले त्या प्रकाशकाचे. तेव्हा असे संकेतस्थळ दिसावयास वाचनालय असले, तरी करणीने तो छापखाना असतो. आणि तोही लेखकास न विचारता चालविलेला.

आता शिक्षेकडे वळू. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्या वेळी या गुन्ह्यास फार तर एक वर्षाची कैद किंवा दंड किंवा दोन्ही, एवढीच शिक्षा होती. पुढे टेपरेकॉर्डर आला, व्हिडिओ आला. भाड्याचा संच आणून रात्रभर चित्रपट पाहण्याचे ते दिवस आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असतील. प्रत काढणे घरबसल्या साधू लागले आणि १९८४ साली कायदा कडक झाला. तेव्हापासून कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास, किंवा त्यास साहाय्य करणाऱ्यास, कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद, शिवाय पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. दुसऱ्यांदा गुन्हा शाबीत झाला तर कैद एक वर्षापासून आणि दंड एक लाखापासून सुरू होतो.

महाराष्ट्राने तर आणखी एक पाऊल टाकले. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांना खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा जो १९८१ चा राज्य कायदा आहे, त्यात २००९ साली ‘दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती’ यांची भर पडली. अशा माणसापासून सार्वजनिक सुव्यवस्थेस बाधा पोचते असे ठरले, तर त्यास बारा महिन्यांपर्यंत अडकवून ठेवता येते. चित्रपटांच्या चोरट्या प्रतींचा धंदा करणारा हातभट्टीवाल्याच्या पंक्तीस जाऊन बसला तो असा! पुढे २०१६ साली ‘सैराट’ चित्रपटगृहांत गर्दी खेचत असतानाच त्याची चोरटी प्रत मोबाइलवरून गावोगाव पोचली, हे आपण पाहिलेच आहे. २०२३ साली केंद्राने चित्रपटविषयक कायद्यातही सुधारणा केली. चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्यास आता तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि दंड तीन लाखांपासून थेट निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

येथे कोणी म्हणेल, ‘‘पण माझ्या संकेतस्थळावर फाइल नाहीच! ती कोठे मिळेल, एवढा पत्ता मी सांगतो.’’ हा बचाव स्वीडनमध्ये करून झाला आहे. ‘पायरेट बे’ या संकेतस्थळावर चित्रपट किंवा गाणी साठविलेली नव्हती. फाइलीचे तुकडे जगभरच्या लोकांच्या संगणकांत असत आणि कोणाकडून ते घ्यावेत, याची खातेवही तेवढी तेथे ठेवलेली असे. स्टॉकहोमच्या न्यायालयाने १७ एप्रिल २००९ रोजी चौघांना प्रत्येकी एक वर्ष कैद आणि मिळून तीन कोटी क्रोनर भरपाई ठोठावली. २०१० साली वरिष्ठ न्यायालयाने तिघांची कैद दहा, आठ आणि चार महिन्यांवर आणली, पण भरपाई मात्र चार कोटी साठ लाखांवर नेली. चोराला वाट दाखविणाराही सुटत नाही, हाच त्याचा अर्थ. आणि आपल्या कलमातील ‘साहाय्य’ हा शब्द त्याच वाटेने जातो.

मात्र कायदा आंधळाही नाही. ‘जाणूनबुजून’ हा त्यातला कळीचा शब्द. लाखो लोक आपापल्या फाइली जेथे ठेवतात, अशा मोठ्या संकेतस्थळाच्या चालकास प्रत्येक फाइल ठाऊक असणे शक्य नसते. ‘मायस्पेस’च्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २३ डिसेंबर २०१६ रोजी सांगितले, की मोघम कल्पना असणे पुरेसे नाही, अमुक कृती चोरटी आहे, हे प्रत्यक्ष ठाऊक असले पाहिजे. परंतु हक्कदाराची रीतसर तक्रार आल्यावर छत्तीस तासांत ती कृती हटवावी लागते. ज्याचे सारे दुकानच चोरीच्या मालाचे, त्याला हा आडोसा मिळत नाही.

नुसते पाहणाऱ्याचे काय? ‘ढिशुम’ या चित्रपटासंबंधीच्या प्रकरणात, २०१६ साली, बंद केलेल्या संकेतस्थळांवर एक धमकीवजा सूचना झळकत असे. चोरटा चित्रपट नुसता पाहणे हादेखील गुन्हा, असा तिचा भाव होता. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ते दुरुस्त केले. गुन्हा पाहण्यात नाही. परवानगीवाचून वाटण्यात, जाहीर दाखविण्यात, विक्रीस किंवा भाड्याने देण्यात आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. म्हणजे शिक्षेचे टोक वाचकाकडे नसून वाटपाचा संसार मांडून बसलेल्याकडे आहे. म्हणून चोरटी प्रत उतरवून घेणे शिष्टसंमत झाले, असे मात्र कोणी समजू नये.

हे टोक किती तीक्ष्ण आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी सांगितले. कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पोलिस वॉरंटावाचून अटक करू शकतात. जामीन हक्काने मिळत नाही, तो न्यायालयाच्या विवेकावर असतो. चोरट्या प्रती आणि त्या काढण्याची साधने फौजदारालाही जप्त करता येतात. संगणक, मोबाइल सारेच त्यात गेले!

‘‘पण मी एक पैसाही घेत नाही,’’ हे उत्तर आपल्या हौशी तरुणाचे असते आणि ते खरेही असते. त्याने गुन्हा पुसला जात नाही. शिक्षा तेवढी हलकी होऊ शकते. कृत्य व्यापारी लाभासाठी नसेल, तर पुरेशी आणि विशेष कारणे नमूद करून सहा महिन्यांहून कमी कैद देण्याची मुभा न्यायालयास आहे. जाहिरातींवर लाखो मिळविणारा आणि मराठीच्या प्रेमापोटी दुर्मिळ पुस्तके वाटणारा, हे दोघे कायद्यास एकच वाटत नाहीत, ही समाधानाची गोष्ट. परंतु ही दया निकालाच्या दिवशी मिळते. अटक आधी होते. आमच्या मते कायद्याची खरी उणीव आहे ती येथे.

तर मग त्या तरुणाने करावे काय? त्याच्या उत्साहास मोकळे रान पुष्कळ आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे संपली की त्याचे लेखन सर्वांचे होते. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली वारले. त्यांची ‘संगीत शारदा’ आज कोणीही छापावी, टिपावी, वाटावी. सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली गेले. त्यांची नाटकेही मोकळी आहेत. मात्र त्या नाटकांतील पदांची अलीकडची ध्वनिमुद्रिका किंवा नव्या आवृत्तीची प्रस्तावना, यांचा हक्क निराळा मोजावा लागतो. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांच्यासाठी २०२९ अखेरपर्यंत थांबावे लागेल. सांगलीस जन्मलेले वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, त्यांच्यासाठी २०३६ अखेर. शेटफळ्याचे गदिमा १९७७ साली गेले, त्यांच्यासाठी २०३७ अखेर.

आणि जे पुस्तक बाजारात मिळतच नाही, त्याचे? व्यापारी नसलेल्या सार्वजनिक वाचनालयास, भारतात विक्रीस नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती स्वतःच्या उपयोगासाठी काढता येतात. आपल्या संग्रही असलेले पुस्तक जपणुकीसाठी संगणकात साठविण्याची परवानगीही २०१२ च्या सुधारणेने दिली आहे. आमच्या दोन्ही जिल्ह्यांतील किती वाचनालये या सवलतींचा लाभ घेतात? कपाटांत जुनी पुस्तके कसर खात पडली आहेत आणि बाहेर एक मुलगा रात्री जागून तीच पुस्तके चोरून टिपीत बसला आहे. या दोघांची गाठ घालून देणे हे शहाण्या गावाचे काम आहे. वाचनालयाच्या चिटणिसांनी त्या मुलास आत बोलवावे, हातात देवल, खाडिलकर ठेवावेत आणि म्हणावे, ‘‘बाळ, हे टिप. याला कोणी हात लावणार नाही.’’