निराश बांधवाला धीर कसा द्यावा?



औंढा नागनाथहून वसमतच्या वाटेला लागले की शिरड शहापूर येते. भगवान मल्लिनाथांच्या मंदिरामुळे जैन बांधव दूरदूरून येथे दर्शनाला येतात. आसपासचे शिवार मात्र हळद, सोयाबीन आणि कापसाचे. हळद हे धीराचे पीक आहे. आठ-नऊ महिने ती जमिनीत राहते. मग ती काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि तेव्हा कुठे बाजारात न्यायची. तोवर घरात पैसा येत नाही, जातो मात्र रोज. त्यात सप्टेंबर २०२४ मध्ये व पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर कोसळला तसा पाऊस कोसळला, की सोयाबीन उभ्या जागी कुजते, हळदीला कंदकुज लागते आणि बँकेचे पीक कर्ज, कृषी सेवा केंद्राची उधारी व सावकाराचे व्याज तेवढे शिल्लक राहते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये याच हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावच्या काही शेतकऱ्यांनी थेट मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. पीक कर्ज फेडण्यासाठी आमचे अवयव विकत घ्या, अशी त्यांची मागणी होती. मूत्रपिंड, यकृत, डोळे यांचे दरही त्यांनी लावले होते. अनेकांनी ती आंदोलनाची एक तऱ्हा मानली. आम्हाला त्यात एक बोलकी गोष्ट दिसते. ते दहाजण मिळून बोलत होते, रागाने का होईना ऐकणाऱ्याच्या शोधात होते. भीती वाटावी ती जो बोलायचा थांबला आहे त्याची. सप्ताहाला येत नाही, लग्नाला जात नाही, फोन उचलत नाही, आवडती बैलजोडी कोणाला तरी देऊन टाकतो, अशा माणसाची.

अशा माणसाला धीर द्यायचा तर प्रथम त्याच्या मनाला काय झाले आहे, ते ओळखले पाहिजे. आपल्या भाषेत ‘निराशा’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि तेथेच घोटाळा होतो. देव मला क्षमा करूच शकत नाही, असे जाणूनबुजून ठरवणे व त्याच्या दयेला पाठ फिरवणे, याला ख्रिस्तसभा आशेविरुद्धचे पाप म्हणते. परंतु झोप न लागणे, अन्न नकोसे होणे, आपण घरादाराला ओझे झालो आहोत असे रात्रंदिवस वाटणे हे पाप नव्हे. हे दुखणे आहे. मलेरिया झालेल्याला आपण ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असे म्हणत नाही. मग नैराश्याने खचलेल्याला तरी तसे का म्हणावे?

आपल्या धर्मग्रामांत अजूनही एक समज घट्ट आहे. ज्याने स्वतःचे जीवन संपवले, त्याला ख्रिस्तसभेत जागा नाही, त्याचा मिस्सा होत नाही, असे सांगितले जाते. या समजाला मूळ नाही असे नाही. १९१७ च्या ख्रिस्तसभा कायदेसंहितेत, जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती अंत्यविधी नाकारावा असे कलम होते. १९८३ च्या नव्या संहितेत अंत्यविधी कोणाला नाकारावा याची जी यादी आहे, तिच्यातून ते वगळण्यात आले. १९९२ च्या कॅथलिक श्रद्धाग्रंथातील २२८० ते २२८३ हे परिच्छेद वाचकांनी स्वतः पाहावेत. जीवन देवाचे आहे, आपण त्याचे राखणदार आहोत, म्हणून ते संपवण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे तेथे ठामपणे सांगितले आहे. पण लगेच हेही सांगितले आहे की गंभीर मानसिक विकार, तीव्र यातना किंवा मोठी भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते. अशा व्यक्तींच्या तारणाबद्दल आपण आशा सोडू नये. देव केवळ त्यालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. देशाचा कायदाही याच दिशेने आला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आणि तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले.

पवित्र शास्त्रात या दुखण्याचे सर्वांत स्पष्ट चित्र राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. एलीया हा काही दुबळा मनुष्य नव्हे. कर्मेल डोंगरावर त्याने नुकताच मोठा विजय मिळवलेला आहे. तरी ईजबेलची एक धमकी पुरते आणि तो पळत सुटतो. बैर-शेबा येथे तो आपल्या सेवकाला मागे ठेवतो व एकटाच रानात जातो. (वाचताना हे वाक्य आपण सहज ओलांडतो, पण सोबतीच्या माणसाला मागे ठेवणे ही धोक्याची पहिली खूण आहे.) एका झुडपाखाली बसून तो मरण मागतो आणि झोपी जातो.

देव त्याला काय उत्तर देतो? उपदेश नाही, दटावणी नाही. देवदूत त्याला स्पर्श करतो व ‘ऊठ, खा’ एवढेच सांगतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो! देवदूत रागावत नाही. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा स्पर्श करतो, पुन्हा खायला देतो, आणि पुढची वाट तुला झेपणारी नाही हे मान्य करतो. होरेब डोंगरावरचे बोलणे त्यानंतर, चाळीस दिवसांनी होते.

त्या डोंगरावर भूकंप होतो. पण परमेश्वर त्या भूकंपात नसतो. वसमत, औंढा, कळमनुरी भागातील लोकांना जमिनीखालचा गूढ आवाज आणि हादरा काय असतो हे सांगावे लागत नाही. २१ मार्च २०२४ च्या सकाळी ते घराबाहेर धावले होते. परमेश्वर येतो तो नंतरच्या मंद वाणीत, आणि तोही प्रश्न घेऊन: तू येथे काय करीत आहेस? उत्तरे देण्याआधी देव ऐकून घेतो. ‘मी एकटाच उरलो आहे’, हे एलीयाचे गाऱ्हाणे तो दोनदा ऐकतो. मग सांगतो की सात हजार जण उरले आहेत, आणि अलीशाला त्याच्या सोबतीला देतो.

धीर देण्याचा हा क्रम आपण उलटा करतो. आधी बोलतो, मग जमल्यास ऐकतो, आणि भाकरीचे तर विसरूनच जातो. ईयोबाच्या मित्रांचे तेच झाले. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडले आणि बिघडले. ‘देवाची इच्छा’, ‘तुझ्यापेक्षा वाईट स्थितीतले लोक आहेत’, ‘बायकामुलांचा तरी विचार कर’, ही वाक्ये सद्भावनेनेच बोलली जातात. पण आधीच स्वतःला दोषी मानणाऱ्याच्या माथ्यावर ती आणखी एक दोष ठेवतात. ज्याला प्रार्थना सुचत नाही त्याला अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र दाखवावे. ते अंधारातच संपते, शेवटी सांत्वनाची एक ओळही नाही. तरी ख्रिस्तसभेने ते प्रार्थना म्हणून जपले आहे.

जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारण्यास अनेकजण कचरतात. विचारल्याने तो विचार मनात येईल अशी भीती वाटते. तसे होत नाही; उलट कोणी विचारले याने ओझे हलके होते. उत्तर ‘हो’ असेल तर त्या रात्री त्याला एकटे सोडू नये, जिवाला धोका होईल असे काही हाताशी राहू देऊ नये आणि डॉक्टरांकडे स्वतः सोबत जावे. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. १४४१६ या शासनाच्या ‘टेलिमानस’ क्रमांकावर अहोरात्र मोफत, मराठीतही बोलता येते. प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले आम्हा धर्मगुरूंना कोणालाही सांगता येत नाही. परंतु उपचार घ्या, असा आग्रह आम्ही तेथेही धरू शकतो आणि धरला पाहिजे. संस्कार आणि औषध यांत निवड करायची नसते.

जे घर आधीच हरवून बसले आहे, त्याची गोष्ट वेगळी. २००६ पासून राज्य सरकार आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला १ लाख रुपये देते. पण जमीन कुटुंबाच्या नावे होती का, कर्ज मान्यताप्राप्त होते का, ते थकले होते का, हे जिल्हा समिती तपासते आणि प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवते. विधवेच्या हाती अपात्र असा शेरा येतो, तेव्हा केवळ पैसे जात नाहीत. आपल्या माणसाचे दुःखच खोटे ठरल्यासारखे तिला वाटते. प्रत्येक मिस्सात ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण सगळेच, मी पात्र नाही, असे कबूल करतो आणि तरी पुढे जातो. त्या रांगेत तिला आपल्या शेजारी उभे करणे आपल्या हाती आहे. तिच्या सातबाऱ्याची, वारस नोंदीची धावपळ वाटून घेणेही आपल्या हाती आहे.

२ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनी वेदीवर वाचायच्या नावांत अशी नावे द्यायला कुटुंबे संकोचतात. त्यांनी ती निःसंकोच द्यावीत. ती इतर नावांबरोबर, त्याच आवाजात वाचली जातील.