काळ्या मातीवरचा भराव

चैत्रात खानदेशातल्या रावेरच्या केळीबागांबाहेरची कोरडवाहू काळी जमीन बघावी. भेगा अशा, की हात घातला तर कोपरापर्यंत जावा. ढेकूळ असे, की कुदळ उसळून यावी. हीच रेगड मृगाचे दोन दमदार पाऊस प्यायली की फुगते, भेगा मिटतात आणि बैलगाडीचे चाक रुतून बसते. तिच्यावर रस्त्याचा किंवा कालव्याचा भराव घालायचा, तर पायाच दरवर्षी वर-खाली होणार हे धरूनच हिशेब मांडावा लागतो.

भुसावळ-खंडवा लोहमार्ग रावेरवरूनच जातो. मुंबईहून निघालेला हा मार्ग 1870 मध्ये जबलपूरला कोलकात्याच्या रेल्वेशी जोडला गेला, तेव्हा असा हिशेब मांडणारे मृदायांत्रिकी हे शास्त्रच उभे राहिले नव्हते. कार्ल टरझागींचा ग्रंथ आला 1925 मध्ये. त्यांनी दाखवले, की ओल्या चिकणमातीवर भार टाकला की तो आधी कणांमधल्या पाण्यावर येतो. पाणी निसटेल तसतसा तो कणांवर उतरतो आणि जमीन दबते. म्हणून भरावाला सर्वांत मोठा धोका तो घाईने रचला जात असतानाच असतो. पाण्याची बाहेर पडायची वाट दुप्पट झाली, तर लागणारा वेळ चौपट होतो. जवाहरलाल नेहरू बंदराच्या परिसरात खाडीच्या चिखलात उभ्या निचरापट्ट्या रोवतात, त्या ही वाट आखूड करण्यासाठीच.

खानदेशचे दुखणे मात्र वेगळे आहे. खाडीचा चिखल कायम ओला, फक्त दबणारा. रेगड दबतेही आणि फुगतेही. या फुगण्यावर आयआयटी मुंबईच्या डॉ. आर. के. कट्टी यांनी मोठ्या आकाराचे प्रयोग केले. मुरमाच्या जातीची, चिकटपणा असलेली पण न फुगणारी माती साधारण मीटरभर जाडीने दाबून बसवली, की खालच्या काळ्या मातीचा फुगवटा आटोक्यात राहतो, हा त्यांचा निष्कर्ष. कालव्यांच्या अस्तराखाली हा उपाय वापरला गेला. आपल्याकडच्या मातीचा प्रश्न आपल्याच प्रयोगशाळेत सुटल्याचे हे उदाहरण जेवढे गाजायला हवे होते, तेवढे गाजले नाही.

प्रयोगांबरोबरच मातीच्या वागण्याची संगणकावरची प्रतिमानेही फोफावली. 1960 च्या दशकात केंब्रिजमध्ये 'कॅम क्ले' हे प्रतिमान तयार झाले. पण ते पाण्याने भरलेल्या मातीसाठी. रेगडीसारख्या अर्धवट ओल्या मातीत कण एकमेकांना शोषदाबाने धरून असतात, तो दाब हिशेबात धरणारे बार्सिलोनाचे प्रतिमान 1990 मध्ये आले. फुगणाऱ्या मातीसाठी त्याची पुढची आवृत्ती 1992 मध्ये निघाली. समीकरणे भारी आहेत, पण त्यांना लागणारे आकडे चांगल्या नमुन्यांवरच्या, वेळखाऊ चाचण्यांतून येतात. जिथे नमुना काढण्यापासूनच काटकसर सुरू होते, तिथे महागडे सॉफ्टवेअर काय करणार?

दुसरा मार्ग छोटा भराव करून गरगर फिरवण्याचा. आयआयटी मुंबईत साडेचार मीटर त्रिज्येचे अपकेंद्री यंत्र आहे. गुरुत्वाच्या शंभरपट ओढ दिली, की दहा सेंटिमीटरचा भराव दहा मीटरच्या भरावासारखा वागतो आणि पाणी निसटण्याचे वर्षभराचे काम तासाभराच्या आत उरकते.

एवढे करूनही अंदाज चुकतात, आणि तेही जाणकारांचे. अमेरिकेत एमआयटीने 1974 मध्ये एक चाचणी-भराव मुद्दाम ढासळेपर्यंत चढवला. नामांकित चमूंनी आधी वर्तवलेल्या उंचींत मोठी तफावत निघाली. मलेशियात मुआर इथला भराव 1989 मध्ये असाच चढवला, तो सुमारे साडेपाच मीटरवर कोसळला. तिथेही भाकितांचे एकमत नव्हते.

म्हणून भरावाखाली बसवलेली साधी लोखंडी पाटी आणि तिच्या खचण्याच्या नोंदी यांची किंमत मोठी. जपानच्या असाओकांनी 1978 मध्ये दिलेली युक्ती वहीवरही जमते. सारख्या अंतराने खचण्याची मापे घ्यायची, प्रत्येक माप आधीच्या मापासमोर मांडायचे. बिंदू सरळ रेषेत येतात. ती रेषा पंचेचाळीस अंशांच्या रेषेला जिथे छेदते, तिथे अखेरचे खचणे कळते. मात्र रेगडीचा फुगवटा या रेषेत बसत नाही, त्यासाठी नोंदी निदान दोन पावसाळ्यांच्या हव्यात.

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर रावेरच्या हद्दीत नवा भराव पडेल, तेव्हा निविदेत पाट्यांचा आणि दोन पावसाळ्यांच्या नोंदींचा खर्च धरला आहे का, हे गावकऱ्यांनी जरूर विचारावे.