ताऱ्यांची प्रत आणि प्रमाण तारे

कर्क राशीतला एम 67 हा तारकागुच्छ सुमारे 4 अब्ज वर्षांचा आहे. त्यातले तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असल्याने त्यांच्या तेजातला फरक मुळातलाच असतो आणि त्यावरून गुच्छाचे वय काढता येते. पण कॅमेरा केवळ पोचलेला प्रकाश नोंदवतो. वातावरण त्यातला काही भाग आधीच गिळते. तारा क्षितिजाकडे झुकलेला असेल तर अधिक, आणि तांबड्यापेक्षा निळा जास्त. शिवाय प्रत्येक दुर्बिणीचा फिल्टर थोडा वेगळा. म्हणून त्याच रात्री, क्षितिजापासून वेगवेगळ्या उंचीवर, खगोलशास्त्रज्ञ आर्लो लँडोल्ट यांनी खगोलीय विषुववृत्तालगत निश्चित केलेले प्रमाण तारेही मोजतात. त्यांच्या ज्ञात आणि मोजलेल्या प्रतींतल्या (म्हणजे तेजाच्या मापांतल्या) फरकावरून दुरुस्तीची सूत्रे मिळतात.

एकाच छायाचित्रातल्या ताऱ्यांची आपसात तुलना केली की वातावरणाचा परिणाम वजा होतो, मग हा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. निळ्या आणि तांबड्या ताऱ्यांवर हा परिणाम सारखा नसतो. शिवाय वय काढताना ताऱ्यांच्या सैद्धांतिक गणिताशी ताडायला प्रमाण मापनश्रेणीतलीच प्रत लागते. प्राचीन गोलाकार गुच्छांत 0.1 प्रतीची चूक वयात सुमारे 10 टक्क्यांची चूक घडवते. तेव्हा प्रमाणीकरण कसे केले हे न सांगणाऱ्या आकड्यांवर विसंबू नये.