मैदान सुटल्यानंतरची संध्याकाळ

३ डिसेंबर २०२४, शिवाजी पार्क. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण. सचिन तेंडुलकर व्यासपीठावरच्या एका खुर्चीपाशी जातो आणि खुर्चीत बसलेला विनोद कांबळी त्याचा हात घट्ट धरतो. सोडता सोडत नाही. काही सेकंदांचाच व्हिडिओ, पण दोनच दिवसांत तो गावोगावच्या मोबाइलवर पोचला होता.

१९८८ साली हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत शारदाश्रमकडून या दोघांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. त्यात धावा जास्त कांबळीच्या, नाबाद ३४९. पुढे १९९३ मध्ये लागोपाठच्या कसोटींत दोन द्विशतकं. १७ कसोटी, सरासरी ५४.२०. शेवटची कसोटी १९९५ मध्ये, वय २३. त्या वयात वऱ्हाडातली पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावत असतात.

अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरच्या जऊळक्यासारख्या गावात कीर्तीचं माप लहान असतं. कबड्डीतला चढाईचा गडी, नाहीतर यात्रेच्या दंगलीत कुस्ती मारणारा. गुडघा गेला की सराव सुटतो. संध्याकाळ मात्र रोज येते. कधीकाळी खांद्यावर घेऊन नाचलेले दोस्तच मग समोर ग्लास भरतात. दारूत अडकलेल्या कांबळीला निदान क्रिकेट मंडळाची महिना ३० हजारांची पेन्शन होती.

पिणं थांबवलं की सर्वांत आधी हात बोलतात. सहा-आठ तासांत बोटं कापायला लागतात, चहा बशीत सांडतो. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत धोक्याचा: झटके येतात, भास होतात. म्हणून सवय जुनी असेल तर घरात कोंडून दारू सोडवू नये, डॉक्टर लागतो. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात शरीरातलं विष उतरणं ही फक्त सुरुवात धरतात. पुढे गटात बसायचं, स्वतःचं सांगायचं, दुसऱ्याचं ऐकायचं. समोरचा समुपदेशक बहुधा स्वतः त्यातून गेलेला असतो, त्यामुळे थापा चालत नाहीत.

खेळाडू अडतो तो इथेच. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या बारा पायऱ्यांतली पहिलीच पायरी म्हणजे दारूपुढे आपलं काही चालत नाही, ही कबुली. लहानपणापासून ‘हार मानू नकोस’ ऐकलेल्या माणसाला हे म्हणायला लावणं सोपं नाही. ‘मनावर घेतलं तर उद्या सोडीन’ हे त्याचं पेटंट वाक्य. आर्सेनल या इंग्लिश फुटबॉल क्लबचा तेव्हाचा कर्णधार टोनी अ‍ॅडम्स यानं १९९६ मध्ये हे जाहीरपणे कबूल केलं आणि पुढे खेळाडूंसाठीच ‘स्पोर्टिंग चान्स’ हे उपचार केंद्र काढलं. आपल्याकडे खेळाडू तुटला की आधी त्याचा व्हिडिओ निघतो.

कांबळीच्या त्या व्हिडिओनंतर १९८३ च्या विश्वविजेत्या संघातल्यांनी मदतीची तयारी दाखवली, पण अट घातली: पुनर्वसन केंद्रात जायचं. कांबळी तयार झाला. याआधी चौदा वेळा जाऊन आल्याचं त्याच्या मित्रानंच सांगितलं होतं. महिना संपायच्या आत त्याला भिवंडीजवळच्या रुग्णालयात दाखल करावं लागलं. १ जानेवारी २०२५ ला सुट्टी मिळाली, तेव्हा त्याच्या अंगात भारताची जर्सी होती. दारूपासून लांब राहा, असं त्यानं जमलेल्यांना सांगितलं आणि बॅट हातात घेऊन फटके मारून दाखवले.