स्वस्त ट्रायपॉड घ्यावा का?

रील्स करायच्यात? मग पाच-सातशेचा ट्रायपॉड बिनधास्त घ्या. दोनशे ग्रॅमचा फोन तो सहज पेलतो. पण त्यावर डीएसएलआर चढवून वेताळ टेकडीवरून दिवेलागणीचं पुणं टिपायला गेलात, तर वाऱ्याची एक झुळूक पुरते. चार सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये पाय थरथरले की दिव्यांच्या नुसत्या रेघोट्या! खरं दुखणं मधल्या दांड्याचं. तो वर काढला की सगळं डुलतं. तो खालीच ठेवा, हुक असेल तर सॅक अडकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा. कॅमेऱ्याखालची प्लास्टिकची प्लेट जपा. ती हरवली तर तशीच दुसरी मिळणं मुश्कील, मग उरते ती काठी. दुकानातच पाय पूर्ण उघडून, कॅमेरा बसवून वरून हलकं दाबून बघा. सबमिशनपुरताच हवा असेल, तर ग्रुपमध्ये कॉन्ट्री काढून चांगला ट्रायपॉड भाड्याने आणलेला बरा.