रोलर थोडा पुढं

पहाटे ५.३०

टोकियोत नऊ वाजले की डोंबिवलीत साडेपाच. तिथले वकील खुर्चीत बसल्याबसल्या ईमेल धाडतात आणि इकडे दूध तापायच्या आत माझा फोन ओट्यावर थरथरायला लागतो. पेटंट एजंटचं घड्याळ त्याच्या मालकीचं नसतंच, ते अशिलाचं. आज दुपारी बाराला पेटंट ऑफिसपुढं हिअरिंग आहे आणि आज पहाटे त्यांना दाव्याचा नवा मसुदा सुचलाय.

चहा गाळता गाळता वाचला. पट्ट्याच्या विद्युतरोधाची मर्यादाच त्यांनी उडवलीय. दुसऱ्या एका देशात असा दावा मंजूर झालाय म्हणे. झाला असेल. आपल्या कायद्याचं कलम ५९ सांगतं की दुरुस्तीनं दावा आक्रसू शकतो, फुगू शकत नाही. आणि एक अट काढली की दावा फुगलाच. नाही म्हणायला एरवी मी चार ओळी घेते, आज दोनात उरकलं.

७.५०

लोकलमध्ये बसायला मिळालं, म्हणून प्रकरण काय आहे ते इथंच सांगून घेते. अशिलाचं गुपित राखायचं असल्यानं तपशील थोडे इकडचे तिकडे केलेत.

रंगीत लेझर प्रिंटरच्या पोटात चार ड्रम रांगेत असतात: पिवळा, किरमिजी, निळा आणि काळा. प्रत्येक ड्रमवर आपापल्या रंगाच्या पुडीचं, म्हणजे टोनरचं, चित्र तयार होतं. टोनरचा कण पाच-आठ मायक्रॉनचा. केसाच्या जाडीत असे आठ-दहा सहज शेजारी शेजारी मावतील. हे चार रंग थेट कागदावर न उतरवता बहुतेक यंत्रं आधी एका गोल फिरणाऱ्या काळ्या पट्ट्यावर एकावर एक उतरवतात आणि मग तो सगळा थर एकदम कागदावर सोडतात. दुकानातली माणसं त्याला ट्रान्स्फर बेल्ट म्हणतात. पट्टा पॉलिइमाइडसारख्या चिवट प्लास्टिकचा, त्यात कार्बनची काजळी मिसळलेली, म्हणजे तो धड वाहकही नाही आणि धड अवाहकही नाही. पट्ट्याच्या आतल्या अंगाला, प्रत्येक ड्रमच्या समोर, एक रोलर असतो. टोनरवर ऋण भार, रोलरवर धन दाब. तो टोनरला ड्रमवरून पट्ट्यावर ओढून घेतो.

बस, एवढ्या ओढून घेण्यावरच माझा आजचा दिवस जायचा आहे. रोलर सहसा स्पंजाचा असतो आणि ड्रमच्या बरोबर समोर बसतो. माझ्या अशिलानं तो नुसत्या धातूचा केला आणि पट्ट्याच्या चालीच्या दिशेनं काही मिलिमीटर पुढं सरकवला. पट्ट्याचा विद्युतरोध एका ठरावीक पट्टीत ठेवला. या तिन्ही गोष्टी एकत्र, हा दावा.

९.३०

दादरचं ऑफिस. फाइल उघडली. परीक्षण अहवालातल्या दोन हरकती जड आहेत. पहिली: डी-वन या जुन्या दस्तऐवजात स्पंजाचा रोलर ड्रमसमोर आहे, डी-टूमध्ये धातूचा रोलर पुढं सरकवलेला आहे, दोन्ही जोडली की तुमचा दावा आपोआप निघतो. दुसरी: कलम ३(एफ). ओळखीच्या साधनांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी, जिथं प्रत्येक साधन आपलं ठरलेलं काम स्वतंत्रपणे करतंय, तो शोध नव्हे.

पहिल्या हरकतीच्या मुळाशी एक माणूस उभा आहे आणि तो कुठंच राहत नाही. कायद्यात त्याला ‘त्या विद्येतला जाणकार’ अशा अर्थाचं नाव आहे. या जाणकारानं जगातला प्रत्येक छापील कागद वाचलाय, जपानीतलाही. पण डोक्यात स्वतःची एकही कल्पना नाही. शोध त्याला सहज सुचण्याजोगा असेल तर पेटंट नाही. मी सोळा वर्षं या गृहस्थाशी भांडतेय. एकदा तरी भेटला असता तर चहा पाजून विचारलं असतं, बाबा रे, तुला नक्की काय सुचतं आणि काय सुचत नाही?

आमच्याकडचा या विषयातला पायाभूत निकाल भांड्यांचा आहे, हे नवख्यांना सांगितलं की हसतात. मिर्झापूरच्या भांडी कारखानदारांमधला खटला. लेथवर भांडं फिरवताना ते पकडून ठेवायची एक युक्ती, तिचं पेटंट. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी ते रद्द केलं, खंडपीठानं उचलून धरलं आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा झोपवलं. शोध हा कारखान्यातल्या रोजच्या सुधारणेपेक्षा काहीतरी अधिक असला पाहिजे, हे सूत्र तेव्हाचं. पेटंट ऑफिसच्या कंट्रोलरनं हिअरिंगच्या नोटिशीत तोच निकाल टाकलाय. रोलर पुढं सरकवणं म्हणजे कारखान्यातली हातचलाखी, एवढंच त्यांना म्हणायचंय.

११.१५

टोकियोचा होकार. मर्यादा परत आली.

दुपारी १२.००

पूर्वी हिअरिंग म्हणजे फायलींची पिशवी घेऊन अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात जाणं. जीटीबी नगरला उतरून चालत जाताना युक्तिवाद तोंडपाठ व्हायचा. आता पडद्यावरच उरकतं, आणि चालण्याबरोबर ती उजळणीही गेली.

कंट्रोलर मॅडमनी फाइल नीट वाचली होती. अशा अधिकाऱ्यापुढं घाम फुटतो, पण वेळ फुकट जात नाही. ३(एफ)चं मी ठीक मांडलं. धातूचा रोलर कडक. तो ड्रमच्या बरोबर समोर बसवला तर मधला टोनर चेंगरतो आणि बारीक अक्षराचा मधला भाग पट्ट्यावर उतरतच नाही, अक्षर पोकळ दिसतं. म्हणून तो सरकवायचा. पण सरकवला की ड्रम आणि रोलर समोरासमोर राहत नाहीत, विजेला पट्ट्याच्या लांबीतून वाट काढावी लागते. पट्टा फार वाहक असला तर वीज शेजारच्या रंगाच्या घरात शिरते. फार अवाहक असला तर भार पट्ट्यावर साचत जातो आणि चौथ्या रंगाची पाळी येईपर्यंत हिशेब बिघडतो. म्हणजे एक गोष्ट हलवली की दुसरी हलवावीच लागते. मग साधनं स्वतंत्रपणे काम करताहेत असं कसं म्हणायचं?

मॅडमनी मान डोलावली. आणि लगेच पुढचा प्रश्न: “मग डी-टूमधला रोलर डी-वनमध्ये बसवायला जाणकाराला अडवलं कुणी?”

मी म्हटलं, डी-टूमध्ये पट्टा कागद वाहून नेतो, टोनर नाही. कागद पट्ट्याला चिकटून राहावा म्हणून तो पट्टा जवळजवळ अवाहकच आहे. यंत्रांची जातच वेगळी. मॅडम म्हणाल्या, जात वेगळी असली तरी रोलर रोलरच. जाणकाराला स्वस्त रोलर हवा असेल तर तो डी-टूकडे वळेल. वळू नये असं डी-वनमध्ये काही आहे का? मी पानं चाळली. आहे असं वाटत होतं, सापडत नव्हतं. आठ-दहा सेकंद गेली असतील. पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसत असताना ती फार लांबतात.

“लेखी म्हणणं पंधरा दिवसांत द्या,” त्या म्हणाल्या.

१.३०

डब्यात मेथीची भाजी. जेवताना मला बहुधा चेस्टर कार्लसन आठवतो, कारण तो आमच्यातलाच. न्यूयॉर्कमध्ये एका विद्युत कंपनीच्या पेटंट विभागात होता. पेटंटच्या मजकुराच्या आणि आकृत्यांच्या प्रती कधी पुरेशा नसायच्या, त्या हातानं उतरवताना बोटं दुखायची, वर संधिवात. त्या चिडीतून २२ ऑक्टोबर १९३८ ला अॅस्टोरियातल्या एका भाड्याच्या खोलीत त्यानं आणि त्याच्या मदतनिसानं गंधक लावलेला जस्ताचा पत्रा कापडानं घासून भारित केला, तारीख आणि जागेचं नाव लिहिलेली काच त्यावर ठेवून दिवा लावला, मग लायकोपोडियमची पूड भुरभुरवली. पत्र्यावर अक्षरं उमटली. पुढचं पाऊल माझ्या कामाचं: त्यानं मेणकागद पत्र्यावर दाबला आणि पूड कागदावर आली. म्हणजे पहिल्याच दिवशी पूड एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायची अडचण पुढ्यात होती, आणि तिचं उत्तर मेण होतं. १९४२ साली पेटंट मिळालं. पहिलं खऱ्या अर्थानं चाललेलं यंत्र, झेरॉक्स ९१४, यायला १९५९ उजाडलं. त्या कंपनीचं नाव आपल्याकडं सामान्यनामाच्या जागी जाऊन बसलं, ‘झेरॉक्स काढून आण’, हा सन्मान की अपमान हे तिच्या वकिलांना विचारावं.

४.१५

ऑफिसचा प्रिंटर दोन दिवस प्रत्येक पानावर निळसर पट्टा ओढतोय. दुरुस्तीवाले काका आज उगवले. झाकण उघडलं, ट्रान्स्फर युनिट एका झटक्यात बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवलं. मी काम सोडून शेजारी बसले.

“बेल्ट ठीक आहे ताई, ब्लेडला कचरा धरलाय,” ते म्हणाले. पट्ट्यावर उरलेला टोनर खरवडणारी पात असते, तिच्या कडेला काहीतरी अडकलं होतं.

मी बोट दाखवून विचारलं, “काका, हा स्पंजाचा रोलर काढून लोखंडाचा बसवला तर?”

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी चपातीत वाळू मिसळायला सांगितली. “कशाला? ड्रमवर आपटेल की. स्पंज आहे म्हणून ड्रम वाचतो. आणि सगळीकडं सारखा टेकतो म्हणून रंग सारखा बसतो. लोखंड थोडं जरी वाकडं असलं तर एका बाजूला फिका येणार.”

“आणि थोडा पुढं सरकवला तर?”

“पुढं म्हणजे? ड्रमला टेकणारच नाही मग!” आणि ते हसले.

हा पुरावा नाही, हे मला माहीत आहे. काका कायद्यातले जाणकार नव्हेत. त्यांनी डी-वन वाचलेलं नाही, डी-टू तर नाहीच. पण त्यांचा हात ज्या जागी थांबला ती जागा मी दुपारभर शोधत होते. डी-वनमध्ये रोलरचं वर्णन मी रोलर या शब्दाखाली शोधलं होतं. रंग ‘सारखा बसण्या’बद्दल काही म्हटलंय का, ते पाहिलंच नव्हतं.

५.००

पाहिलं. आकृतीच्या वर्णनात नाही, पार मागे, टोनरच्या गुणधर्मांच्या परिच्छेदात ते वाक्य दडलेलं होतं: रोलर लवचिक असून ड्रमच्या समोर पूर्ण लांबीभर टेकलेला असणं चारही रंग एकसारखे उतरण्यासाठी आवश्यक आहे. ‘श्रेयस्कर’ नाही, ‘आवश्यक’. जपानीतून इंग्रजीत आलेलं भाषांतर आहे, म्हणून मूळ शब्द तपासून द्या असं टोकियोला लिहिलं. तिथं साडेआठ वाजलेत, उत्तर उद्या येईल. शब्द टिकला तर डी-वन स्वतःच जाणकाराला सांगतंय की रोलर कडक करू नकोस आणि हलवूही नकोस.

ज्युनिअरनं विचारलं, काकांचं नाव प्रतिज्ञापत्रात घालायचं का. नको म्हटलं. तज्ज्ञाचं प्रतिज्ञापत्र लागलंच तर टोकियोचा अभियंता देईल.

५.३० ते ८.३०

लेखी म्हणणं. अकरा परिच्छेद झाले, चार खोडले. मिर्झापूरच्या निकालाला मी वळसा घातला नाही, सरळ भिडले: तिथं भांडं आधीच्याच रीतीनं पकडलं जात होतं, इथं वीज आधीच्या वाटेनं जातच नाही. विनिर्देशातला, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या वर्णनातला, तुलनेचा तक्ता जोडला. तक्त्यात सरकवलेला रोलर आणि मर्यादेबाहेरचा पट्टा अशी फक्त दोन उदाहरणं आहेत. तीन असती तर बरं झालं असतं, पण अर्ज दाखल झाल्यावर नवी उदाहरणं विनिर्देशात घुसवता येत नाहीत. मंजूर होईल का? मला साठ टक्के वाटतं. टोकियोला मी पन्नास सांगितलंय.

९.५०

डोंबिवली. काका जाताना बजावून गेले होते, “हाताला टोनर लागलाय ताई, गार पाण्यानं धुवा. गरम पाणी घेतलंत तर चिकटून बसेल.” ऑफिसात धुतले होते, तरी उजव्या अंगठ्याच्या नखाखाली निळी रेघ राहिलीय. वरणाला फोडणी द्यायच्या आधी नळाखाली पुन्हा हात धरला. पाणी आज जरा कोमटच येतंय.